गिअर बदलताना इंजिन का ओरडतं?



मागच्या वेळी थंडीतल्या बॅटरीबद्दल बोललो होतो. त्यानंतर लेस्टरहून एका ताईंचा निरोप आला. त्यांच्या मिस्टरांनी हौसेनं जुनी डिझेल डिफेंडर घेतली आहे, २००३ सालची. गाडी दिसायला झकास, पण गिअर बदलताना इंजिन एकदम ‘भूंऽऽ’ करून चढतं. गॅरेजवाल्यानं चालवून बघितली आणि सांगितलं, क्लच संपलाय, सतराशे पाउंड होतील. ताई विचारतात, “दादा, करून टाकू का? की गाडी परत विकून टाकू?”

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. एवढंच कळवलं, की आठ दिवस पैसे देऊ नका, आणि मला एक गोष्ट बघून सांगा. ती गोष्ट कोणती ते आज सांगणार आहे. आणि ती मला कशी कळली तेही सांगावं लागेल, कारण याच दुखण्यावरून गेल्या वर्षी आमच्या घरात बापलेकीत दोन महिने धुसफूस चालली होती. चूक कुणाची होती ते पुढे येईलच.

आमच्याकडे डिस्कव्हरी आहे, दुसऱ्या पिढीची, टीडी-५ इंजिनाची. पाच सिलिंडर, अडीच लिटर, डिझेल, हातानं बदलायचे पाच गिअर. हे इंजिन १९९८ पासून या गाड्यांत येऊ लागलं. ताईंच्या डिफेंडरमध्येही तेच आहे. आमची गाडी २००२ ची, एक लाख चाळीस हजार मैल झालेली. मुलं लहान होती तेव्हा सात सीट हव्या होत्या म्हणून घेतली, आणि मग सोडवेना. आम्ही सॉलिहलपासून पंधरा मिनिटांवर राहतो, म्हणजे तिचं माहेर गावातच. बर्मिंगहॅमच्या मध्यात मात्र नेत नाही. २०२१ पासून तिथे असल्या जुन्या डिझेलला दिवसाला आठ पाउंड मोजावे लागतात, आणि तेवढ्यात आपलं डोसा-कॉफी होतं.

तर गेल्या वर्षी जानेवारीत क्लचचं पेडल मऊ लागायला लागलं. दाबलं की हळूहळू खाली बसायचं. मास्टर सिलिंडर गळत होता. मी स्वतःच बदलला. हे काम तसं घरी होण्यासारखं आहे, फक्त ड्रायव्हरच्या पायाशी डोकं घालून पाठीवर उताणं पडावं लागतं, आणि माझ्या वयाला पुन्हा उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. नवा सिलिंडर बसवला, हवा काढली, पेडल टणक झालं. मी खूश.

फेब्रुवारीत धाकटीनं गाडी नेली. ती पशुवैद्यकीचं शिक्षण घेते आहे. मेंढ्या विण्याच्या हंगामात या मुलांना शेतांवर जाऊन राहावं लागतं. तिचं शेत श्रॉपशरमध्ये होतं, चिखलातली वाट, शेवटचा अर्धा मैल तर लो रेंजमध्येच घालावा लागे. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन, “बाबा, गिअर बदलताना गाडी ओरडते.”

शनिवारी ती घरी आली तेव्हा मी गाडी चालवून पाहिली. काही नाही. लोण्यासारखे गिअर पडत होते. पुन्हा एकदा मोठा फेरा मारून आलो. काही नाही. आणि मग मी बापानं करू नये ते केलं. म्हणालो, “तू क्लच आधी दाबतेस आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उशिरा काढतेस. गाडी नाही ओरडत, तू ओरडायला लावतेस.” ती म्हणाली, नाही, दोन्ही पाय एकाच वेळी हलतात, मला तसंच शिकवलंय. मी मान हलवली. आपण मान हलवतो ना, मुलांना जरा जास्तच राग येईल अशी, तशी.

हे असं दोन महिने चाललं. ती सांगायची, मी चालवायचो, मला काही सापडायचं नाही. एप्रिलमध्ये ती मला न सांगता तिकडच्याच एका गॅरेजमध्ये गेली. तिथल्या माणसाला ओरडणं ऐकू आलं. त्यानं सांगितलं क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील दोन्ही, अठराशे पाउंड. त्या रात्री ती घरी येऊन म्हणाली, “बाबा, माझ्या चालवण्यामुळेच क्लच जळला असणार. उन्हाळ्यासाठी साठवलेत त्यातून मी देते.”

तेव्हा मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. पोरगी स्वतःचे पैसे द्यायला निघाली होती, आणि मी अजून एकदाही तिच्या शेजारी बसून तिला गाडी चालवताना पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. माझे वडील सातारा जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या शेती विभागात होते. त्यांना ऊसपाहणीसाठी महिंद्राची डिझेल जीप मिळायची. एका उन्हाळ्यात तिचं इंजिन गिअर बदलताना असंच चढायला लागलं. ड्रायव्हर म्हणायचा, क्लचप्लेट गेली. वडील मला घेऊन कराडला एका मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं बॉनेटला हातही लावला नाही. विडी बाजूला ठेवली आणि विचारलं, “साहेब, कधी चढतंय? क्लच खाली असताना, का क्लच सोडल्यावर?” वडिलांनी ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरनं जमिनीकडे. मिस्त्री शेजारी बसला, एक चक्कर मारून आला, बॉनेट उघडलं आणि पंपाच्या लिव्हरकडे बोट दाखवलं. लिव्हर मागे ओढणारी स्प्रिंग कधीतरी पडली होती आणि तिच्या जागी ड्रायव्हरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती. उन्हानं ती ढिली पडली. पाय काढला तरी लिव्हर पूर्ण मागे येत नव्हतं, इंजिनाला डिझेल मिळत राहायचं. चार आण्याची स्प्रिंग.

“कधी?” एवढाच प्रश्न. चाळीस वर्षं मला तो माहीत होता, आणि स्वतःच्या मुलीला मी तो विचारला नाही.

आता त्या प्रश्नात काय आहे ते जरा नीट सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा सगळा गाभा तिथेच आहे.

इंजिन एका बाजूला, गिअरबॉक्स आणि चाकं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये क्लचप्लेट. पेडल वर असतं तेव्हा प्लेट दोघांच्या मध्ये दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की प्लेट मोकळी होते, इंजिन एकटं पडतं. आता विचार करा. पेडल पूर्ण खाली असताना इंजिन चढत असेल, तर त्यात क्लचप्लेटचा हात कसा असेल? ती तर त्या क्षणी इंजिनाला धरूनच नाही. क्लचप्लेट झिजली असेल तर त्रास उलट बाजूला होतो. पेडल सोडलं, गिअर पडलेला आहे, तुम्ही पाय दिला, आणि इंजिन चढतंय पण गाडी काही वेग घेत नाही. त्याला म्हणायचं क्लच घसरतोय.

म्हणून क्लच खाली असताना चढलं, तर इंजिनाला नको तेव्हा डिझेल कोण देतंय ते शोधायचं. क्लच सोडल्यावर चढलं, तर क्लच बघायचा. या दोन वाटा एकदा वेगळ्या केल्या की अर्धं काम संपलं. कानाला मात्र दोन्ही आवाज सारखेच येतात, आणि इतक्या झटपट येतात की चालवणाऱ्यालाही कधी झालं ते सांगता येत नाही. त्या गॅरेजवाल्यालाही मी दोष देत नाही. दहातल्या आठ गाड्यांत तो म्हणतो तेच निघत असेल.

डिझेलचं आणखी एक सांगायला हवं. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे हवेचं दार. पाय काढला की दार मिटतं, इंजिनाचा श्वास कोंडतो. डिझेलमध्ये हवा जवळजवळ मोकळीच आत जात असते, वेग ठरतो तो डिझेल किती फवारलं जातंय त्यावर. त्यामुळे डिझेल इंजिन चढून राहिलं, म्हणजे आत काहीतरी जळतंय. एक तर नळीतून येणारं डिझेल, नाहीतर भलत्या वाटेनं येणारं तेल. त्या तेलाबद्दल पुढे बोलतो, ते गमतीचं नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं एका रिकाम्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेलो. ती चालवायला, मी शेजारी, नजर आरपीएमच्या काट्यावर. तिला सांगितलं, क्लच पूर्ण खाली गेला की मोठ्यानं ‘दाबला’ म्हण, आणि सोडलास की ‘सोडला’ म्हण. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना काटा अडीच हजारावर होता. या गिअरबॉक्समध्ये तिथून तो सोळा-सतराशेपर्यंत खाली यायला हवा. ती म्हणाली “दाबला”, आणि काटा तीन हजारांच्या वर उडी मारून मग खाली आला. त्यानंतर तिनं “सोडला” म्हटलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. म्हणजे पेडल खाली असताना. क्लचप्लेट निर्दोष.

मग मी चालवायला बसलो आणि ती काट्याकडे बघायला लागली. काटा हलला नाही. ती माझ्या पायाकडे बघत होती. म्हणाली, “बाबा, तुम्ही थांबता.”

थांबतो म्हणजे काय? मी जीपवर शिकलो. आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलायचा, मनात ‘एक’ म्हणायचं, मग क्लच. वडिलांनी तसंच शिकवलं आणि ती सवय आजवर गेली नाही. या ‘एक’ म्हणण्याच्या वेळात इंजिनाचं डिझेल आपोआप कमी झालेलं असतं, त्यामुळे क्लच दाबला तरी चढायला काही उरत नाही. मुलगी आजच्या पद्धतीनं दोन्ही पाय एकत्र हलवते, जे अगदी बरोबर आहे. दोष गाडीत होता आणि माझी जुनी सवय तो झाकत होती. मी दोन महिने सांगत होतो, की मी चालवतो तेव्हा काही होत नाही, म्हणजे तुझंच चुकतंय.

गाडीच्या खाली जायची वेळ आली. टीडी-५ मध्ये अ‍ॅक्सिलरेटरला वायर रोप नाही. पेडलला एक सेन्सर आहे, तो पायाची जागा विजेच्या खुणेनं इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि मग किती डिझेल फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पाय एकदम काढला तरी कॉम्प्युटर डिझेल एका झटक्यात तोडत नाही, नाहीतर गाडीला हिसका बसेल. इतक्या अवजड गाडीत, दोन गिअरबॉक्स आणि पुढे-मागे शाफ्ट असताना, तो हिसका सगळ्यांना जाणवतो. पण क्लच दाबलेला असेल तेव्हा हीच सवलत नडते. इंजिनावरचा भार क्षणात जातो, आणि उरलेलं डिझेल त्याला वर उडवतं. म्हणून क्लचच्या पेडलवर एक छोटा स्विच असतो. क्लच दाबला गेलाय एवढंच तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि मग गिअर बदलताना इंजिन चढू नये याची काळजी कॉम्प्युटर घेतो. स्विचचा निरोप पोहोचला नाही, तर ती काळजी घेतली जात नाही.

हाच स्विच आणखी एक काम करतो. क्रूझ कंट्रोल लावलेलं असताना क्लच दाबला, तर क्रूझ सुटायला हवं. त्यामुळे स्विच बिघडला की क्रूझही चालत नाही. आणि इथे माझ्या लक्षात आलं, की आमचं क्रूझ जानेवारीपासून बंद होतं. एम-४२ वर मी कधी लावतच नाही, तिथे वेग पकडायला रस्ता मिळायला हवा ना! एकदा बटण दाबून पाहिलं होतं, चाललं नाही, म्हटलं जुनी गाडी. दोन तक्रारी एकाच महिन्यात सुरू झाल्या होत्या, आणि त्या महिन्यात त्या पेडलपाशी कोण पडलं होतं? मीच.

टॉर्च घेऊन पुन्हा पायाशी डोकं घातलं. क्लचच्या पेडलच्या वरच्या अंगाला तो स्विच, आणि त्याचा प्लग अर्धवट बसलेला. मास्टर सिलिंडर बदलताना वाट करायला मी तो काढला होता, आणि परत लावताना ‘टिक्’ असा आवाज येईपर्यंत दाबला नव्हता. अंगठ्यानं दाबला. टिक्. खर्च शून्य.

उठायला मुलीनंच हात दिला. मी तिला काय सांगितलं ते सांगायला नको. ती एवढंच म्हणाली, “चला, आता क्रूझ बघू.” एम-४२ वर जाऊन आलो. क्रूझ लागलं, क्लच दाबल्यावर सुटलं, काटा जागेवर.

आता तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी. शेजारी माणूस बसवून ‘दाबला-सोडला’ची तपासणी तुम्हीही करा. माणूस नसेल तर मोबाइल डॅशबोर्डकडे तोंड करून आधीच बसवून ठेवा, व्हिडिओ चालू करा, आणि चालवताना फक्त तोंडानं बोला. हातात मोबाइल धरू नका. गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे मूर्खपणा आहे.

क्लच खाली असताना चढत असेल तर पहिल्यांदा खाली वाका आणि पायाखालची चटई बघा. हसू नका. चिखलाच्या बुटांसाठी जाड रबरी चटई घालतात, ती पुढे सरकते आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला टेकते. मग क्लचचा स्विच. प्लग नीट बसला आहे का, पेडल वर-खाली करताना स्विचचा दांडा हलतो का. मल्टिमीटर वापरता येत असेल तर प्लग काढून स्विचच्या दोन पिनांवर लावा. पेडल वर आणि खाली यात फरक दिसायलाच हवा. दोन्ही वेळा सारखंच दाखवत असेल तर स्विच गेला, आणि तो काही महाग भाग नाही.

त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर. त्यासाठी या गाडीची भाषा बोलणारं यंत्र लागतं. बाजारात मिळणारे दहा-वीस पाउंडांचे साधे रीडर टीडी-५ शी धड बोलत नाहीत. नॅनोकॉम नावाचं यंत्र बोलतं, पण ते महाग आहे. लँड रोव्हरच्या हौशी मंडळींच्या क्लबात कुणाकडे तरी असतंच, आणि ही मंडळी चहाच्या एका कपावर मदत करतात. त्यात सेन्सरच्या दोन वाटा दिसतात. पाय दाबत गेलात की एकीचा व्होल्टेज चढतो, दुसरीचा उतरतो, आणि दोन्हींची बेरीज सगळीकडे पाचच्या आसपास राहते. मध्येच बेरीज घसरली, किंवा पाय पूर्ण उचलल्यावरही आकडे मूळ जागी आले नाहीत, तर सेन्सर झिजला आहे. त्याच यंत्रात क्लचचा स्विचही ‘चालू-बंद’ असा दिसतो. पेडल दाबा आणि बघा, दहा सेकंदांचं काम.

रेस नुसती चढत नसेल, तर इंजिन अडखळत, मिसफायर करत चालत असेल, तर कॉम्प्युटरचा लाल प्लग उघडून बघा. डिस्कव्हरीत कॉम्प्युटर बॉनेटखाली आहे, डिफेंडरमध्ये सीटखाली. या इंजिनात इंजेक्टरची वायरिंग टॅपेट कव्हरच्या आत, तेलात असते, आणि वर्षानुवर्षं तेल तारांच्या आतून झिरपत थेट कॉम्प्युटरच्या त्या प्लगपर्यंत पोहोचतं. प्लग तेलकट दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा, पण नुसतं धुऊन भागत नाही. आतली वायरिंग बदलावी लागते, नाहीतर काही महिन्यांनी तेल परत येतं.

ज्यांच्याकडे त्याआधीची ३०० टीडीआय आहे त्यांना यातलं बहुतेक काही लागू नाही. तिथे वायर रोप आणि पंपाचं लिव्हर, म्हणजे आमच्या जीपसारखंच. कुणाला तरी पाय दाबून सोडायला सांगा आणि लिव्हर पूर्ण मागे येऊन टेकतं का ते डोळ्यांनी बघा. आणि आखातात राहणारी आपली मंडळी, जी आता ऐकत असतील, त्यांच्याकडे बहुतेक ऑटोमॅटिक असते, तिथे क्लचचं पेडलच नाही. गिअर पडताना इंजिन चढत असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि रंग आधी बघून घ्या. जळका वास आला तर पुढे चालवू नका. ऑटोमॅटिकबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे.

आता ते तेलाचं. मघाशी म्हटलं की डिझेल इंजिनात हवा मोकळी असते. टर्बोचं सील गेलं, किंवा इंजिनात तेल जास्त भरलं गेलं, तर ते तेल हवेबरोबर आत जाऊन जळू लागतं. इंजिनाला ते डिझेलच वाटतं. कुणाचाही पाय नसताना आरपीएम वाढत जातो, मागे दाट धूर येतो, आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण चावी डिझेल बंद करते, तेल नाही. असं झालं तर हातानं गिअर बदलायच्या गाडीत एकच उपाय लक्षात ठेवा. गाडी थांबलेली असू द्या, ब्रेक पूर्ण दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमलं नाही तर सगळ्यांना उतरवून लांब जा. गाडीपेक्षा माणसं महत्त्वाची.

हे बऱ्याचदा अचानक होत नाही, आधी खुणा मिळतात. दर पंधरा दिवसांनी तेलाची काडी काढून बघा. पातळी कमी होणं सगळ्यांना कळतं, पण वाढली तर कुणी दखल घेत नाही. टीडी-५ मध्ये इंजेक्टरची सीलं कमकुवत झाली तर डिझेल आत उतरून तेलात मिसळू शकतं, आणि पातळी वर जाते. काडीवर मागच्यापेक्षा जास्त दिसलं आणि तुम्ही भरलेलं नसेल, तर ती गाडी टो करूनच गॅरेजला न्या.

आता लेस्टरच्या ताईंकडे येतो. त्यांनी आणि त्यांच्या मिस्टरांनी आठ दिवसांत तपासणी केली. ताई काट्याकडे बघत होत्या, मिस्टर ‘दाबला-सोडला’ म्हणत होते. ताईंचा निरोप आला, “दादा, दाबल्यावर काही नाही. सोडल्यावर चढतं, चढावर तर फारच.” मी आणखी एक करायला सांगितलं. रिकाम्या रस्त्यावर, चढ असेल तिथे, चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगानं जा, आणि पाय पूर्ण द्या. इंजिन आणि वेग बरोबरीनं चढायला हवेत. त्यांचा काटा एकदम तीन हजारांच्या पुढे गेला आणि स्पीडोमीटर चाळीसवरच राहिला.

म्हणजे त्यांचा क्लच खरंच संपला आहे. त्यांचा गॅरेजवाला बरोबर होता. तर ताई, करून टाका, गाडी विकू नका. फक्त काम देण्याआधी दोन गोष्टी सांगा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं. खोल पाण्यातून जाताना त्यात एक बूच लावतात. तिथून तेल ठिबकत असेल तर इंजिनाचं मागचं सील गळतंय आणि त्या तेलानंच क्लचप्लेट घसरत असेल. मग सील न बदलता नवी प्लेट घातली तर तीही काही महिन्यांत तशीच होईल. आणि गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे, तर रिलीज बेअरिंग, स्पिगॉट बुश आणि क्लचचा फोर्क तिन्ही नवीन घाला. या डिफेंडरचा फोर्क टेकूच्या जागी झिजून आरपार भोक पडलेला मी स्वतः पाहिलाय. त्याचा जाड, मजबूत केलेला प्रकार थोड्याच जास्त पैशांत मिळतो. पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी त्या फोर्कच्या कितीतरी पट पडते. फ्लायव्हील मात्र डोळ्यांनी बघून, हातानं हलवून, मगच बदलायचं की नाही ते ठरवायला सांगा. इंजिन सावकाश चालताना खडखड येत नसेल, क्लच सोडताना गाडी थरथरत नसेल, तर ते बहुधा आणखी काही वर्षं चालेल.

आणि काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना क्लचच्या स्विचचा प्लग दाबून बघा. टिक् वाजलं पाहिजे.